टिपरी खार, तिचा माउस आणि लोकरीची चटई

एक होते रान. रानात होता वड. वडाला होता पार. आणि पारावर होता संगणक!

रोज सूर्य मावळताना तेथे गाड्यांची शर्यत होत असे. खऱ्या गाड्यांची नव्हे. पडद्यावरच्या गाड्यांची! घूँऽऽ घूँऽऽ! जो जिंकेल, त्याला पारंबीवर पहिला झोका.

त्या वडाच्या ढोलीत टिपरी खार राहत असे. टिपरी एवढीशी. तिचा पंजा त्याहून एवढासा. तिच्यापाशी एक जुना माउस होता. माउसखाली गवताची गोल चटई होती.

एके दिवशी दुपारी शेळी आली. चर्र चर्र चर्र! तिने चटई खाल्ली. आणि निघून गेली.

टिपरीने माउस पाराच्या नुसत्या फरशीवर ठेवला. फरशी गुळगुळीत. माउस निघाला, सुर्रर्र... टप्प! पडला. फुटला.

भुरका ससा हसला. म्हणाला, "टिपरे, माउस नाही, चटई नाही, तर आज तुझा डाव नाही! आणि असता, तरी काय?

इवली इवली बोटे,
झोका मिळेल कोठे?"

टिपरीचे डोळे भरले. पण ती रडत बसली नाही. तिने शेपटी झटकली. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

जांभळीखाली मुंगूसमामांचे दुकान होते. टिपरी म्हणाली,

"अहो मामा, ऐका ना!
शेळीने चटई खाल्ली.
माउस पडून फुटला.
सूर्य चालला खाली खाली,
माझ्या डावाची वेळ झाली!
मला एक माउस द्या ना!"

मामांनी एक माउस काढला. कवठाएवढा! टिपरीचा पंजा त्याच्या पाठीवरच राहिला. बोटे बटणांपर्यंत पोचेनात.

मामांनी दुसरा काढला. लाल दिवा, निळा दिवा, हिरवा दिवा! टिपरी म्हणाली, "अगंबाई, केवढा सुंदर!" तिने तो ढकलला. हुश्श! पुन्हा ढकलला. हुश्श हुश्श! माउस जागचा हलेना.

मामा म्हणाले, "बाळ, दिवे पाहू नयेत. पंजा पाहावा."

मग त्यांनी तिसरा काढला. सुपारीएवढा! पंजा बसला अलगद. बटण वाजले, टिक्!

"हाच! हाच!" टिपरी नाचू लागली.

मामांनी माउस मिशीआड धरला. "थांब. चालवून पाहिल्यावाचून मी माउस देत नाही. आणि चटईवाचून तो चालायचा कसा? आधी चटई आण, मग माउस ने!"

टिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाभळीवर सुगरणमावशी झुलत होती. टिपरी म्हणाली,

"अगं मावशी, ऐक ना!
शेळीने चटई खाल्ली.
माउस पडून फुटला.
मामा म्हणतात, चटई आण.
सूर्य चालला खाली खाली,
माझ्या डावाची वेळ झाली!
मला एक चटई दे ना!"

मावशी म्हणाली, "पुन्हा गवताची विणू? म्हणजे शेळी पुन्हा खाईल! मी काय शेळीचा स्वयंपाक करायला बसले आहे? लोकरीची विणते. आधी लोकर आण, मग चटई ने!"

टिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

माळावर मेंढीकाकू चरत होत्या. टिपरी म्हणाली,

"अहो काकू, ऐका ना!
शेळीने चटई खाल्ली.
माउस पडून फुटला.
मामा म्हणतात, चटई आण.
मावशी म्हणते, लोकर आण.
सूर्य चालला खाली खाली,
माझ्या डावाची वेळ झाली!
मला थोडी लोकर द्या ना!"

काकू म्हणाल्या, "ने की! मला तर उकडतेच आहे. पण ओढू नकोस हं, दुखते! आधी कात्री आण, मग लोकर ने!"

"काकू, रानात कात्री कोठे?"

"ओढ्याकाठी. खेकडेबुवांच्या दोन्ही हातांत!"

टिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओढ्याकाठी खेकडेबुवा उभे होते. नांग्या कमरेवर. तोंड फुगलेले. टिपरी म्हणाली,

"अहो बुवा, ऐका ना!
शेळीने चटई खाल्ली.
माउस पडून फुटला.
मामा म्हणतात, चटई आण.
मावशी म्हणते, लोकर आण.
काकू म्हणतात, कात्री आण.
सूर्य चालला खाली खाली,
माझ्या डावाची वेळ झाली!
माझ्याबरोबर चला ना!"

बुवा म्हणाले, "येऊ कसा? ही पाहा शेळी! माझ्या बिळाच्या दारावर बसली आहे. दुपारपासून! घर असे सोडून मी कोठेही जात नसतो. आधी शेळी उठव, मग मला ने!"

टिपरीने पाहिले. तीच शेळी! तीच दाढी! आणि दाढीत चटईची एक काडी!

टिपरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. शेपटी ताठ. म्हणाली,

"अगं शेळीताई, ऐक ना!
शेळीने चटई खाल्ली.
माउस पडून फुटला.
मामा म्हणतात, चटई आण.
मावशी म्हणते, लोकर आण.
काकू म्हणतात, कात्री आण.
बुवा म्हणतात, शेळी उठव.
सूर्य चालला खाली खाली,
माझ्या डावाची वेळ झाली!
आता तरी तू ऊठ ना!"

शेळीने मान खाली घातली. "बें! ती चटई होती होय? गोल होती. मला भाकरीच वाटली गं!"

"भाकरी कधी गवताची असते का?"

"म्हणूनच जरा कडक लागली! आणि ओढताना तिचे कुसळ उडाले. माझ्या कानात गेले. उभी राहिले, की टोचते. बें! काढायला बैल आला, त्याचे खूर जाड. म्हैस आली, तिचे शिंग मोठे. कावळा आला, त्याची चोच लागते. आधी कुसळ काढ, मग मी उठते!"

टिपरीने आपला पंजा पाहिला. एवढासा पंजा. इवली इवली बोटे.

ती शेळीच्या मानेवर चढली. कानाशी बसली. "हलू नकोस हं, ताई!"

बोटे गेली आत. अलगद, अलगद. सापडले! धरले! ओढले!

सट्!

"निघाले! निघाले! बें बें बें!"

मग काय झाले?

शेळी उठली, ढुम्!
बीळ झाले मोकळे.
खेकडेबुवा निघाले, खुडुक खुडुक.
नांग्या चालल्या, कचाकच कचाकच.
काकूंची लोकर पडली, भुसभुस भुसभुस.
मावशीने चटई विणली, सरसर सरसर.
मामांनी तिच्यावर माउस ठेवला.

टिपरीने तो ढकलला. सुर्रर्र! चालला. "थांब" म्हटले, थांबला. "वळ" म्हटले, वळला. बटण वाजले, टिक्!

मामा मिशीत हसले. "आता ने!"

टिपरी धावली. काखेत चटई, तोंडात माउस. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

पारावर भुरका ससा ओरडत होता, "सूर्य मावळला! डाव गेला!"

"कोठे मावळला? अर्धा आहे अजून!" टिपरीने चटई अंथरली. माउस ठेवला. पंजा ठेवला.

एक, दोन, तीन! घूँऽऽ!

भुरक्याचा माउस कवठाएवढा. दिवेच दिवे. खाली नुसती फरशी. पहिले वळण आले. माउस घसरला, सुर्रर्र! भुरक्याची गाडी चिखलात गेली, पचाक्! निघाली, पुन्हा धावली, अगदी जवळ आली...

टिपरीची बोटे चालली, टिक् टिक् टिक्! गाडी वळली. गाडी पुलावर. गाडी पुलापार!

टिपरी जिंकली!

शेळी पुढे आली. तिने चटईचा वास घेतला. "थू! लोकर!" असे म्हणून ती दूर जाऊन बसली.

भुरक्याने कान खाली केले. पारंबी स्वतः धरून ठेवली. म्हणाला, "बसा, टिपरीबाई!

इवली इवली बोटे,
काम केवढे मोठे!"

टिपरीने झोका घेतला. उंच, उंच, उंच! आणि उतरल्यावर म्हणाली, "भुरकोबा, उद्या तुलाही चटई आणू. पण आधी काकूंना विचारू हं!"

खार ढोलीत, माउस झोळीत, आणि आपली गोष्ट बाळाच्या ओंजळीत.