शास्त्रीबुवांचे सोळा घडे

"सोळा घडे! थेंबभर कमी नाही की जास्त नाही!" राजज्योतिषी दिगंबरशास्त्र्यांनी परदेशी यंत्रातून डोकं बाहेर काढून अख्ख्या राज्यातल्या प्रत्येक गावाचा यंदाचा पाऊस सांगितला. भूपतिसेन महाराजांनी लगेच दवंडी पिटवली, "सगळ्या गावांनी तळी रिकामी करा, नाहीतर फुटतील!"

माळावरच्या कुसळवाडीत एकच हाहाकार उडाला. तिथे पाऊस यायचा तो शिंतोडे उडवून जायचा. तळं रिकामं केलं तर प्यायचं काय, शास्त्रीबुवांचं पंचांग? कुंभाराची सगुणा तडक दरबारात गेली.

"महाराज, आमच्याकडे एवढा पाऊस कधीच पडत नाही!"

"शास्त्रीबुवांना खोटं पाडतेस?" महाराज गरजले. "आठ दिवस देतो. सोळाचा आकडा न बदलता गावागावाचा खरा पाऊस सांग. नाहीतर नवव्या दिवशी तुमच्या तळ्याचा बांध फोडलाच म्हणून समज!"

पण सगुणा रडत बसणाऱ्यांतली नव्हे! गावोगावी देवळापुढे दगडी कुंड असे. त्यात साठलेला पाऊस गुरव घड्याने मोजी आणि भिंतीवर तेवढ्या रेघा ओढी. सगुणाने वीस वर्षांच्या रेघा बुवांच्या वीस भाकितांशी ताडून पाहिल्या आणि ती खुदकन हसली. बुवा चुकत होते, पण काय नेमाने चुकत होते!

आठव्या दिवशी ती दोन मडकी घेऊन दरबारात आली. एक तांब्याएवढं, दुसरं दोन गड्यांनी उचललेलं.

"हा पाव मापाचा घडा कुसळवाडीचा. हा दुप्पट मापाचा, घाटावरच्या धारपाड्याचा. पाऊस दोन्हीकडे सोळाच घडे, महाराज, फक्त घडा ज्या त्या गावचा! मागचं कुठलंही वर्ष विचारा."

"युवराजांच्या बारशाचं?"

"बुवा म्हणाले बारा. नेहमीच्या घड्याने आमच्याकडे भरले तीन, धारपाड्याला चोवीस."

"पट्टहत्ती गेला ते?"

"भाकीत वीस. आमचे साडेपाच."

"पाचच हवेत!" शास्त्रीबुवा उसळले.

"अर्धा घडा ढगांच्या मर्जीचा, बुवा. तेवढा माझ्याही हातून सुटतो."

"म्हणजे मी कधी चुकलोच नाही तर!"

"छे! आमचे घडेच चुकत होते."

महाराजांनी कसंबसं हसू दाबलं. "तुमचं तळं भरलेलंच राहील. आणखी काय हवं?"

"शास्त्रीबुवांना तहहयात याच गादीवर ठेवा," सगुणा म्हणाली. "आणि कुणी त्यांना सुधारायला जाऊ नये! उद्या ते बरोबर सांगू लागले, तर माझे सगळे घडे वाया जातील!"

महाराज इतके खदखदून हसले की मुकुट घरंगळून त्या मोठ्या घड्यात पडला. तो काढायच्या आधी त्यांनी हातातलं सोन्याचं कडं सगुणाला दिलं आणि शास्त्रीबुवांची गादी कायम केली.