उसने चिंचोके

“...मग शेवरीला जोडशिक्क्यातून काढावं की ठेवावं, एवढंच सांगा बाबा.”

उंबरगडचे दिवाण विसाजीपंत घाम पुसत मीरनशहा फकिराच्या झोपडीत, त्याच्या तकियात, टेकले. उद्या दरबारात महाराजांना सल्ला द्यायचा होता. बुकं चाळून डोळे दुखायला लागले, तरी पंतांचा स्वतःच्या मतावर भरवसा बसत नव्हता.

उंबरगड आणि शेवरी ही शेजारशेजारची राज्यं. मोठ्या हौसेनं दोघांनी एकच नाणं पाडलं, तो हा जोडशिक्का. तेव्हापासून उंबरगडचं कापड, नांगराचे फाळ शेवरीच्या बाजारात गाड्या भरभरून जात. आता शेवरीची तिजोरी कोरडी पडली होती. उंबरगडकडून कर्ज काढायचं आणि उंबरगडचाच माल घ्यायचा, असं चाललं होतं.

“आणि तुम्ही त्यांचं काय घेता?” बाबांनी विचारलं.

“पूर्वी मध घ्यायचो. त्यांचं नाणं हलकं होतं, स्वस्तात पडायचा. आता दोघांचं नाणं एकच, भावही सारखाच. मग आपलाच मध काय वाईट?”

“हं... पंत, चिंचोके खेळता?”

पंत चपापले. पण फकिराला नाही कसं म्हणायचं?

बाबांनी चिंचोके निम्मेनिम्मे वाटले. खेळ पोरासोरांचाच. आपल्या चिंचोक्याला टिचकी मारायची, दुसऱ्याच्या चिंचोक्याला लागला की तोही आपला.

बाबांचा हात म्हातारपणानं थरथरत होता. पंतांची टिचकी मात्र नेमकी बसायची. बघता बघता बाबांपुढची जमीन रिकामी झाली.

“संपलं. उठा आता.”

“अहो, आत्ता कुठे हात बसतोय,” पंत म्हणाले. इतकं मोकळं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. “हे घ्या उसने.”

बाबांनी घेतले. हरले.

“हे आणखी घ्या. पण जरा जपून मारा.”

“जपूनच मारतो हो. हात हाच आहे.”

तेही गेले. पंतांनी पुन्हा मूठभर पुढे सरकवले. तेही गेले.

आता पंतांचा आवाज चढला. “असं कसं चालेल बाबा? किती उसने घ्याल? फेडणार कधी?”

“जिंकलो की फेडीन.”

“मग जिंका की.”

“तुम्ही जिंकू द्याल?”

“वा. मी का म्हणून हरू? टिचकी माझी चांगली, हा काय माझा गुन्हा?”

“मुळीच नाही.”

“मग तुम्हाला डावातून काढूनच टाकतो...”

पंत अडखळले. त्यांनी आपल्यापुढच्या राशीकडे पाहिलं, मग समोरच्या मोकळ्या जमिनीकडे... आणि त्यांना एकाएकी हसू फुटलं.

बाबांनी सुखानं जांभई दिली, उशाला हात घेतला आणि कुशीवर वळले.

“काढा की. मी जरा आडवा होतो. तुम्ही एकटेच खेळत बसा.”