गढीचं दार आणि नव्या सुनेचं कपाळ

लग्नाची हळदही पुरती उतरली नव्हती, तोच शाल्मलीला सासरच्या गावची गढी दाखवायला नेलं. तिला गढीशी फारसं देणंघेणं नव्हतं. आतल्या हॉलमध्ये बॅडमिंटनचं कोर्ट होतं आणि तिथे बायकांना संध्याकाळचा एक तास मिळावा, हे तिला मागायचं होतं. पण गढी समितीचे अध्यक्ष पडले चुलतसासरे तात्यासाहेब. त्यांच्यापुढे तिचं तोंडच उघडेना.

तात्यासाहेब पाहुण्यांना दार दाखवत होते. "हे मुद्दाम ठेंगणं केलंय. शत्रू वाकून आत आला, की त्याची मान आपल्या तलवारीखाली!"

साडीच्या निऱ्या सांभाळत, खाली बघत शाल्मली पुढे झाली आणि चौकटीवर तिचं कपाळ ठाणकन आपटलं. पाहुणे हसले.

"ही आमची नवी सूनबाई!" तात्यासाहेब म्हणाले. "दारात वाकता येत नाही, आणि म्हणे बॅडमिंटन खेळायचंय!"

म्हणजे तिने नणंदेला विश्वासाने सांगितलेलं नणंदेने आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं. कपाळ चोळत शाल्मली हळूच म्हणाली, "वाकून येतो तो शत्रू, असं तुम्हीच म्हणालात ना, काका? मी घरची, म्हणून ताठ आले."

पाहुण्यांनी टाळ्याच वाजवल्या. तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आता घरच्या माणसाला नाही कसं म्हणू? उद्यापासून सहा ते सात तुम्हा बायकांचे."

दुसऱ्या संध्याकाळी रॅकेट घेऊन शाल्मली ऐटीत आली आणि त्याच चौकटीवर पुन्हा आपटली. या वेळी बघायला कुणी नव्हतं, ते एक बरं झालं; सांगायला दुसरं कारण तिच्याकडे नव्हतं.