घोंगडीआड

"अंधारातलंही दिसतं म्हणतोस... म्हणजे काय काय दिसतं रे, इंद्रा?"

"सगळं, बुवा! सगळं!" इंद्रजितला कुठला धीर निघतोय! त्याने मोबाईल थेट दाजीबुवांच्या नाकासमोर धरला. "मिट्ट काळोख करा, मुंगी चालली तरी यात दिसेल. आज चोर सुटत नाही, लिहून ठेवा!"

बुवांनी मोबाईलकडे पाहिलं. मग खांबावर ठोकलेल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला लागले.

इंद्रजित त्यांचा लहानपणापासूनचा शिष्य. शहरात त्याचं कॅमेऱ्यांचं मोठं दुकान. गावाला आला की मठात सेवा करायचा, आणि आपल्यासारखा शिष्य बुवांना दुसरा मिळायचा नाही, असं मनातल्या मनात धरून चालायचा. आज तर स्वारी नुसती उडत होती.

बोरखिंडीच्या टेकडीवरच्या त्या मठाची एक रीत होती. संध्याकाळची आरती झाली की बुवा सगळे दिवे मालवत आणि एक भजन अंधारात होई. देव्हाऱ्यापुढे रिकामी दुरडी ठेवलेली असे. कुणाच्या हातून मोहाने, रागाने दुसऱ्याचं काही उचललं गेलं असेल, तर त्याने त्या अंधारात ते दुरडीत आणून ठेवायचं. भजन संपलं की दिवे. कुणी ठेवलं, ते विचारायचं नाही.

अहो, कोयते परत आले होते, पैंजण परत आले होते. एकदा तर जिवंत कोंबडी परत आली आणि भजनभर कोकलत बसली, तरी एकाने मान वळवून पाहिलं नव्हतं!

आणि यंदा जत्रेत तारामतीची पिशवी गेली. तारामती म्हणजे मठाला फुलं देणाऱ्या पारूबाईंची लेक. नर्सिंगला नंबर लागलेला. पिशवीत मोबाईल होता, तो गेला तर गेला. पण शाळेपासूनची सगळी मूळ कागदपत्रंही त्यातच. उद्या सकाळी ती दाखवली नाहीत, तर तिची जागा दुसऱ्याला जाणार. पोरीच्या डोळ्याचं पाणी खळत नव्हतं.

इंद्रजितने लगोलग दुरडीवर कॅमेरा बसवला आणि लाऊडस्पीकरवरून गावभर सांगितलं, की आता काही लपून राहायचं नाही. तेव्हापासून दुरडी रोज रिकामी. म्हणून आज त्याने हा नवा, अंधारात पाहणारा आणला होता.

"चोर घाबरलाय, बुवा. येतच नाही."

"येतो की."

"काय?"

"रोज येतो. रोज पोटाशी धरून आणतो... आणि रोज तसंच परत नेतो."

इंद्रजित ताडकन उठला. "तुम्हाला माहीत आहे कोण ते? मग सांगा ना! आत्ता जाऊन बखोटीला धरून आणतो!"

"मला कुठलं माहीत? मी कधी पाहिलंच न्हाई."

"मग कॅमेरा काढू म्हणता का?" इंद्रजितचा आवाज चढला. "त्या पोरीचं वाटोळं झालं तरी चालेल, पण रीत मोडायची नाही, असंच ना?"

बुवांनी हातातल्या मंजिऱ्या खाली ठेवल्या.

"काढू नको. चालू ठेव. चांगला पुसून घे, धूळ बसली असंल."

घ्या! हा पठ्ठ्या भांडायच्या तयारीत आलेला, आणि बुवा म्हणतात पुसून घे! त्याला आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. स्टुलावर चढून त्याने कॅमेऱ्याची काच स्वतःच्या रुमालाने लख्ख केली.

दिवस मावळला. सगळा गाव मठात लोटला. पारूबाई लेकीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. आरती झाली आणि बुवा उठले. त्यांनी अंगावरची काळी घोंगडी काढून हातात घेतली.

"आज भजन इंद्राच्या कॅमेऱ्यासमोर," ते म्हणाले. "पोरीच्या हातात आजचीच संध्याकाळ हाय. समदे जण मागल्या कोठीत जा. ही घोंगडी डोक्यावरनं घ्यायची, वाकून चालायचं, दुरडीला हात लावायचा आणि परत कोठीत. मग दुसऱ्याला द्यायची. लहान-थोर, बाया-बापे, कुणी चुकायचं न्हाई. पहिला मी."

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळी गर्दी कोठीकडे निघाली.

कोठीतलेसुद्धा दिवे मालवले. भजन सुरू झालं.

इंद्रजित एकटाच भिंतीशी मोबाईल धरून बसला. पडद्यावर घोंगडी आली. वाकली. गेली. पुन्हा आली. वाकली. गेली. कधी लांब ढांगा टाकत, कधी दुडक्या चालीने, कधी कण्हत. पण येते ती आपली तीच घोंगडी! याचं तोंड उतरलं. इतका महागाचा कॅमेरा, आणि दिसतंय काय, तर लोकर!

आणि एकदम तो सावरून बसला.

आताची घोंगडी दुरडीपाशी थांबली होती. थरथरत होती. खालून प्लॅस्टिकच्या फाईलचा कोपरा डोकावला आणि दुरडीत सरकला. तेवढ्यात घोंगडीची कड उचलली गेली आणि एक पाऊल दिसलं. स्वच्छ, ठळक दिसलं.

इंद्रजितने ते पाऊल ओळखलं.

कुणाचं? ते नाही सांगायचं. पाऊल कसं होतं, तेसुद्धा नाही. उगाच मला भरीला घालू नका.

सापडला! एक हाक मारली की गाव गोळा होणार. तोंड उघडलं... आणि उघडंच राहिलं. तो माणूस घोंगडीच्या आत रडत होता. मोबाईलमध्ये आवाज येत नव्हता. पण घोंगडी गदगदा हलत होती, आणि ते काही केल्या लपत नव्हतं.

घोंगडी गेली. पुन्हा आली, गेली, आली... शेवटी कुणीतरी ती इंद्रजितच्या मांडीवर आणून टाकली.

"आता तुझी पाळी," अंधारातून बुवांचा आवाज आला.

"मी? बुवा, मी कुणाचं काय घेतलंय?"

भजन चाललंच होतं.

इंद्रजित उठला, घोंगडी डोक्यावरून घेतली. आत घामाचा वास होता, साऱ्या गावाचा मिळून. एका जागी लोकर ओली लागली. त्याने चाचपडत स्टूल ओढलं आणि खांबाशी काहीतरी खुडबुड केली. मग दुरडीत टक् करून बारीकसं काही पडलं.

भजन संपलं. दिवे लागले.

"सापडले! आई, समदे कागद हायेत! समदे!" तारामती नाचायलाच लागली. पारूबाईंनी पदर डोळ्याला लावला. टाळ्या काय, शिट्ट्या काय, मठ नुसता दणाणून गेला! दुरडीत तिचा मोबाईलही होता. आणि कुणाची तरी विळी, कुणाचं घड्याळ, वर्षापूर्वी हरवलेली मठाची झांज... आणि सगळ्यांच्या खाली कॅमेऱ्यातलं नखाएवढं काळं मेमरी कार्ड.

त्या गोंधळात इंद्रजित बुवांपाशी सरकला. चेहरा लाल झालेला, श्वास लागलेला. घोंगडीची घडी घालत तो हलकेच म्हणाला, "बुवा... कार्ड टाकलं मी. पण मला कळलंय. तो कोण ते आता एकट्या मलाच ठाऊक आहे."

बुवांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"घडी घालू नको, इंद्रा. झाकलेलाच ऱ्हाऊ दे त्याला, तो अजून आत हाय."