ठकूबाईची धुरातली बुधली

ऐका, आणि मधेमधे विचारू नका. फार वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याशी, आपल्या या कुंभेघळीत ठकूबाई राहायची. अत्तर ठेवायच्या चामड्याच्या बुधल्या ती शिवायची. नवी बुधली आठ दिवस चुलीवर टांगून खैराच्या धुरात पक्की करायची. तिच्या बुधलीतून उभ्या जन्मात थेंब गळला नाही, असं म्हणतात.

तिचा नवरा रावजी त्या बुधल्या घाटावर पोचवायचा. एका वर्षी त्याच्या डोळ्यांवर पडदा आला आणि दिवाळीपर्यंत त्याला दिसेनासंच झालं. ठकूचं कशात लक्ष लागेना. त्या घोरात तिनं रिकामी समजून अत्तरवाल्याची भरलेली बुधलीच धुरावर टांगली. उघडून बघते तर काय, गुलाबाचा वास पार गेलेला! उरला होता धूर, कातडं आणि तळाशी थोडा गोडवा.

अत्तरवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, हे लावणार कोण?"

पण ओसरीवरून रावजी हसला. कित्येक दिवसांनी हसला. "अगं, हा तर तुझ्या हातांचा वास!"

झालं. ठकूनं अत्तरवाल्याला दोन नव्या बुधल्या शिवून दिल्या आणि ती धुरातली बुधली ठेवून घेतली. रोज संध्याकाळी मनगटाला बोट लावायची आणि रावजीजवळ बसायची.

रावजी मात्र भारी हट्टी. बसून खायची त्याला लाज वाटे. पौषातल्या एका दुपारी, ठकू पाण्याला गेलेली बघून, गडी बुधल्या पाठीवर टाकून एकटाच घाट चढू लागला. दिवस कलला आणि धुकं उतरलं. गाव पलिते घेऊन धावलं, पण हाका दरीत घुमून चहूकडून ऐकू यायच्या. त्या हाकांमागं जाणारा आंधळा कड्यावरून खालीच जायचा. ठकूनं सगळ्यांना गप्प केलं. अख्खी बुधली पदरावर ओतली आणि खिंडीत वाऱ्याला पदर सोडून उभी राहिली.

तो वास तीन कोस गेला, असं म्हणतात. कड्याच्या टोकाशी रावजीनं पुढं टाकलेला पाय मागं घेतला आणि वासामागं वळला. त्याच्या पाठोपाठ चुकलेली चार गुरं आली, आणि एक वाघही पदर हुंगून गेला म्हणे. वाघाचं मी सोडून देतो, तुम्हीही सोडा.

रावजीनं पदर चाचपला. "सगळं ओतलंस होय गं? थोडं तरी ठेवायचंस."

"तुम्हाला ठेवून घेतलंय की," ठकू म्हणाली आणि ढसाढसा रडली.

तेव्हापासून आपल्याकडं थंडीत घरोघर धुरातली बुधली असते. संध्याकाळी घरी आलेला माणूस उंबऱ्यात थांबतो, डोळे मिटतो, घरातलं कुणी मनगट पुढं करतं, ते हुंगतो आणि मगच आत येतो. ज्याच्या घरात मनगट पुढं करायला कुणी उरलेलं नाही, त्याच्या दारात शेजारीण बोटभर अत्तर लावून उभी असते. हात पुढं करते आणि म्हणते, "आलात? या."