न ओरडणारी घोरपड

सागाच्या एका रानात एक म्हातारा वानर होता, आणि मुलांनो, एका जागी बसणं म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नव्हतं. रानातली सगळी मंडळी त्याच्याकडे खेळ शिकायला येत आणि त्याला वस्ताद म्हणत. खेळ सोपा होता. दोन झाडांना एक वेल ताणून बांधायची, दोन्हीकडे एकेक खेळाडू, आणि वाळून हलकं झालेलं बेलफळ शेपटीच्या फटक्याने वेलीवरून पलीकडे धाडायचं. ज्याच्या बाजूला फळ पडेल त्याचा डाव गेला.

या रानाची एक रीत होती. फटका बसला की आरोळी ठोकायची. कोल्ह्याची आरोळी तर टेकडीपलीकडे ऐकू जाई. वस्ताद फांदीवर येरझाऱ्या घालायचा, बहुतेक वेळ खेळाकडे पाठ करून, आणि नुसत्या आरोळ्यांवरून ठरवायचा की कोण किती पाण्यात आहे. आता घोरपडीला कुठला आलाय आवाज? ती सगळ्यांच्या आधी यायची, समोर येईल ते फळ परतवायची आणि मुकाट्याने घरी जायची. वस्तादाच्या कानांवर तिचं काही पडतच नव्हतं. म्हणून नाल्यापलीकडच्या रानाशी सामना होता त्या सकाळी तो तिला म्हणाला, "हे बघ, उद्यापासून येऊ नकोस. तुझ्यामुळे उगाच जागा अडते."

या खेळाइतकं घोरपडीला दुसरं काहीच आवडत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आजचा दिवस थांबू का, वस्ताद?"

"थांब. पडलेली फळं उचल."

पलीकडच्या रानातून मुंगूस आलं होतं, आणि आपल्याकडून अर्थातच कोल्हा. काय त्या आरोळ्या, काय तो थाट! वस्ताद पाठमोरा फिरत होता आणि खुशीत होता. पण ऊन चढलं तसा कोल्ह्याचा घसा बसला, मग दमही संपला. डाव बरोबरीत आले, शेवटचा एक राहिला, आणि हे महाशय जीभ काढत सावलीत जाऊन आडवे झाले. थकलेल्याच्या जागी दुसऱ्याने उतरायची मुभा होती. पण खार पानांत लपली, मोराला अचानक पिसाऱ्याची काळजी वाटू लागली. घोरपडीने हातातली फळं खाली ठेवली आणि ती वेलीसमोर जाऊन उभी राहिली.

फांदीवर वस्तादाचा जीव खालीवर होऊ लागला. मुंगसाची आरोळी यायची, आपल्याकडून मात्र काही नाही. हरलो की काय? मग ते मुंगूस पुन्हा का ओरडतंय? न राहवून त्याने मान वळवली, आणि बघतो तर फळ अजून हवेतच. मुंगूस डावीकडे मारी, घोरपड डावीकडे. उजवीकडे मारी, घोरपड उजवीकडे. घाई नाही, त्रागा नाही. पायाची नखं मातीत रोवायची, शेपूट वळवायची, फळ पलीकडे. मुंगसाचं डोकं फिरलं. त्याने सगळा जोर लावून फटका हाणला, तसं फळ वेलीला आपटलं आणि त्याच्याच पुढ्यात पडलं.

रानात एकच गलका झाला. सावलीतला कोल्हा खरखरत म्हणाला, "त्याला आधी दमवलं कोणी ते विचारा." वस्तादाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो खाली उतरून घोरपडीशेजारी मातीत बसला.

"कधीपासून अशी खेळतेस गं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"फळाकडे लक्ष असायचं, वस्ताद."

वस्तादाला फार वाईट वाटलं. "तुझ्यासारखा खेळ मी आजवर पाहिला नाही," तो म्हणाला. "तो रोज माझ्या पाठीमागे चालला होता, आणि मी नुसता ऐकत बसलो. उद्या ये. परवाही ये." घोरपडीचे डोळे भरून आले. तिने मान डोलावली आणि ती विखुरलेली फळं वेचायला लागली.

पण वस्तादाला काही चैन पडेना. मागे असंच एक खवल्या मांजर यायचं, तेही कधी ओरडायचं नाही. त्यालाही त्याने जागा अडते म्हणून घरी धाडलं होतं. तो तडक त्याच्या बिळापाशी गेला. खवल्या मांजर बाहेरच होतं, पाऊल वाजताच त्याने अंगाचं वेटोळं केलं. "अरे, मी वस्ताद. चुकलो मी. तुझा खेळ बघायचाय मला," वानर म्हणाला. त्याने पुष्कळ वेळ वाट पाहिली. खवल्या मांजराने वेटोळं सोडलं नाही.

तात्पर्य : गाजावाजा न करता राबणाऱ्याकडे वेळेवर मान वळवून बघावं, उशिरा केलेलं कौतुक प्रत्येकापर्यंत पोहोचतंच असं नाही.