जीपमधला चोर

माणसं गाडी मोडीत काढण्याआधी दुरुस्त करून बघत, त्या काळची गोष्ट. एक जीप उभ्या जागी कधी धापा टाकी, कधी उगाच गुरगुरे. इंजिनावरची रबरी नळी कार्बोरेटरच्या कानाला लागली, "प्लगवर लक्ष ठेव हं, ठिणगी चोरतो मेला." प्लगला म्हणाली, "कार्बोरेटर पेट्रोल लपवतो." दोघं एकमेकांकडे तिरकं बघू लागले.

यल्लाप्पा मिस्त्रींनी प्लग भंगारात टाकून नवा बसवला. जीप तशीच!

"नवाही चोरच," नळी फुसफुसली.

मिस्त्रींनी कान टवकारले. "इथं कोण फुसफुसतंय रे?" म्हणत त्यांनी नळी चाचपली. तिला चीर पडली होती, तिथून ती चोरून हवा आत ओढत होती. मिस्त्रींनी चिरेवर बोट दाबलं.

फुसफुस थांबली. इंजिन एका लयीत चालू लागलं.

भंगारात पडलेला जुना प्लग ते ऐकत होता.